घर्मरंध्राचा कर्करोग : एका नावाचा इतिहास



रोगांचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर साथींचा इतिहास उभा राहतो. पटकीने वाड्या ओस पडल्या, प्लेगच्या दिवसांत माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली, देवीच्या फेऱ्यांत घरेच्या घरे उजाड झाली, हे आपण वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेले असते. ज्या रोगाने लक्षावधी माणसे नेली, त्याला इतिहास असणारच. परंतु जो रोग एखाद्या तालुक्यात वर्षानुवर्षे एकालाही होत नाही, आणि उभा जन्म वैद्यकीत घालवलेल्या डॉक्टरलाही जो कदाचित एकदाच भेटतो अथवा भेटतही नाही, त्याला इतिहास असतो काय? माझ्या मते असतो, आणि तो अधिक विचार करायला लावणारा असतो. कारण असा रोग प्रथम सापडावा लागतो. तो रोग्याच्या अंगावर असतो, रोग्याला मारतोही. पण कोणीतरी त्याला ओळखून नाव देईपर्यंत वैद्यकशास्त्राच्या लेखी तो नसतोच.

आज ज्याविषयी बोलायचे आहे, तो रोग असाच आहे. आपल्या कातडीत घाम निर्माण करणाऱ्या ज्या ग्रंथी आहेत, त्यांच्या नळीपासून उद्भवणारा हा कर्करोग होय. शास्त्रज्ञ त्याला ‘पोरोकार्सिनोमा’ म्हणतात. ‘पोरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वाट किंवा रंध्र. तेव्हा मराठीत आपण त्याला ‘घर्मरंध्राचा कर्करोग’ म्हणू. त्वचेवरील एकंदर अर्बुदांत दहा ते वीस हजारांमागे एखादे या जातीचे निघते. रोगी बहुधा साठी ओलांडलेला असतो. गाठ पायावर, तसेच डोक्यावर वा मानेवर, तांबूस किंवा कातडीच्याच रंगाची असते. पुष्कळदा ती दहा-दहा, वीस-वीस वर्षे स्वस्थ बसून राहते आणि मग एकाएकी वाढू लागते, चिघळते, तिच्यातून रक्त येते. तळपायावर असली तर घरातली माणसे म्हणतात कुरूप आहे, बोटाच्या कडेला असली तर म्हणतात चामखीळ आहे. कोणी वस्तऱ्याच्या पात्याने ती खरवडतो, कोणी तीवर चुना लावतो. कुरूप आणि चामखीळ ही दुखणी घरोघर असतात, आणि हजारांत नऊशे नव्याण्णव वेळा घरच्यांचा अंदाज बरोबरच ठरतो. खरी अडचण या बरोबर ठरण्यातच आहे.

कातडीच्या कर्करोगाचा जो इतिहास आपल्या कानांवर येतो, तो बहुतेक कारणांचा इतिहास असतो. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले की धुराड्यांत उतरून काजळी काढणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि त्याचे मूळ अंगात मुरलेल्या काजळीत आहे. व्यवसायापासून होणाऱ्या कर्करोगाचे हे पहिले स्पष्ट वर्णन मानले जाते. पुढे १८६६ साली काश्मिरात काम करणारे मिशनरी डॉक्टर एल्मस्ली यांनी तेथील लोकांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहिले. काश्मिरी माणूस थंडीत फेरणाच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतो; वर्षानुवर्षे तिची धग लागून कातडी करपते आणि तेथेच रोग धरतो. आणि मग आपल्याकडचा दाखला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली उघडले, विकृतिविज्ञानाची प्रयोगशाळा ज्यांनी उभी केली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर मूळच्या गोमंतकीय घराण्यातले. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली हिंदुस्थानातील चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एक होता कमरेच्या कातडीचा. धोतर जेथे करकचून आवळले जाते तेथे आयुष्यभर एकाच जागी कापड घासून तो होतो. ‘धोतराचा कर्करोग’ हे त्याचे नाव जगातील ग्रंथांत गेले.

या तिन्ही गोष्टी सांगायला सोप्या आहेत, कारण त्यांत अपराधी कोण ते ठाऊक आहे. काजळी, निखारा, कापडाची आवळण. अपराधी सापडला की उपायही सापडतो. घर्मरंध्राच्या कर्करोगाला असा एकच ठळक अपराधी नाही. अमुक धंदा करणाऱ्याला तो होतो, अमुक कापड नेसणाऱ्याला होतो, असे बोट दाखवता येत नाही. म्हणून त्याचा इतिहास कारणांच्या वाटेने गेला नाही. तो शरीररचनेच्या वाटेने गेला, आणि ती वाट घामापासून निघते.

घामाविषयी शास्त्रीय कुतूहल जुने आहे. पादुआचे वैद्य सान्तोरिओ यांनी एका भल्यामोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, खाल्लेले, प्यालेले आणि उत्सर्जित झालेले सारे वजन करून पाहिले. अंगातून दिसेल न दिसेल अशा रीतीने केवढा भाग उडून जातो, ते त्यांनी १६१४ साली आपल्या ग्रंथात मांडले. ही वाफ बाहेर पडते ती कोणत्या दारांतून? इंग्लंडचे नेहेमाया ग्रू यांनी १६८४ साली तळहातावरील व तळपायावरील रेषा भिंगातून पाहून त्यांच्या माथ्यावर ओळीने बसलेली रंध्रे वर्णिली. त्या रेषांचा पुढे पोलिसांना केवढा उपयोग झाला, हे सांगायला नको. बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात १८९७ साली निघाली ती याच रेषांच्या भरवशावर. मात्र रंध्र दिसले म्हणजे ग्रंथी दिसली असे नव्हे. रंध्राखालची सारी रचना नीट दिसण्यास १८३३ साल उजाडावे लागले. ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक असलेले चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये आणि त्यांचे विद्यार्थी वेंट यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली कातडीचे पातळ काप पाहून घर्मग्रंथीचे वर्णन केले.

ती रचना एकदा डोळ्यांसमोर आणली पाहिजे, नाही तर पुढील हकिगत उमगणार नाही. कातडीचे दोन थर. वरचा पातळ, तो बाह्यत्वचा. खालचा जाड, तो अंतस्त्वचा. अंतस्त्वचेच्या तळाशी सुताच्या गुंड्यासारखे एक वेटोळे असते. हीच घाम तयार करणारी ग्रंथी. तिच्यातून एक बारीक नळी सरळ वर चढते आणि बाह्यत्वचेत शिरल्यावर बूच काढण्याच्या मळसूत्रासारखी वळणे घेत पृष्ठभागावर उघडते. अशा ग्रंथी माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख असतात, आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती तळहातांवर व तळपायांवर असते. १९२२ साली जर्मनीचे शीफरडेकर यांनी या ग्रंथींचे दोन वर्ग पाडले. साऱ्या अंगावर पसरलेल्या आणि पाण्यासारखा घाम देणाऱ्या त्या ‘एक्रीन’. काखेत व जांघेत केसांच्या मुळांशी उघडणाऱ्या त्या ‘अपोक्रीन’. हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. त्यांतील पहिल्याने पुढे थोडा घोटाळा केला आहे.

ग्रंथी सापडल्या तसे त्यांच्या रोगांविषयी लिहिणे सुरू झाले. पॅरिसचे शस्त्रवैद्य व्हेर्नेय यांनी १८५४ साली घर्मग्रंथींच्या अर्बुदांवर व इतर विकारांवर निबंध लिहिले. काखेत वारंवार होणारी चिवट गळवे त्यांनी या ग्रंथींच्या माथी मारली. ती वस्तुतः केसांच्या मुळांपासून सुरू होतात, असे आता ठरले आहे. तेव्हापासून शंभर वर्षे ‘घर्मग्रंथींचे अर्बुद’ ही एक ऐसपैस पिशवीच झाली. काप पाहताना ओळखीच्या कोणत्याही जातीत जे बसत नसे, ते तिच्यात जाई. ग्रंथीच्या कोणत्या भागातून अर्बुद निघाले, खालच्या वेटोळ्यातून की नळीतून, आणि नळीच्या कोणत्या टप्प्यातून, हा प्रश्न नेमकेपणाने विचारलाच जात नव्हता.

तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची हकिगत जर्मनीतून निघून अमेरिकेत जाते. फेलिक्स पिंकस हे बर्लिनमधील नामांकित त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचे चिरंजीव हेर्मान पिंकस यांचा जन्म १९०५ सालचा. त्यांनीही वडिलांचीच विद्या पत्करली. १९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता आली आणि ज्यू घराण्यांतील डॉक्टर-प्राध्यापकांना जर्मनीत जागा उरली नाही. हेर्मान अमेरिकेत मिशिगन राज्यात गेले, मन्रो नावाच्या लहानशा शहरात त्यांनी बस्तान बसवले, आणि पुढे डिट्रॉइटच्या वेन विद्यापीठात ते त्वचारोगांचे प्राध्यापक झाले. वृद्ध फेलिक्स यांनाही अखेरीस जर्मनी सोडावी लागली. १९४७ साली ते अमेरिकेतच निवर्तले.

परदेशात नव्याने पाय रोवीत असता हेर्मान पिंकस यांनी जो विषय अभ्यासाला घेतला, तो पाहून सामान्य माणसाला हसू येईल. नळीचा तो शेवटला, मळसूत्री भाग. बाह्यत्वचेतून गेलेले ते नुसते भोक आहे, की त्याला स्वतःची भिंत आहे? १९३९ साली त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. भिंत आहे, आणि ती ज्या पेशींची बनलेली आहे त्या भोवतालच्या बाह्यत्वचेच्या पेशींहून वेगळ्या आहेत. बाह्यत्वचेत राहूनही त्या आपला निराळा संसार करतात. एखाद्या वाड्यात बिऱ्हाड करून राहिलेल्या पण आपली चूल वेगळी ठेवणाऱ्या कुटुंबासारखा हा प्रकार. ज्या साली युरोपात महायुद्ध पेटले, त्या साली एक निर्वासित डॉक्टर घामाच्या नळीच्या तोंडाची भिंत मोजत बसला होता. याचा रोग्याला काय उपयोग, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर त्यांच्यापाशी सांगण्याजोगे उत्तर नसते.

उत्तर सतरा वर्षांनी मिळाले. १९५६ साली पिंकस यांनी रॉगिन व गोल्डमन या दोन सहकाऱ्यांसह एका अर्बुदाचे वर्णन केले. तळपायावर होणारे, लालसर, मांसल, पण निरुपद्रवी असे ते अर्बुद सूक्ष्मदर्शकाखाली त्या मळसूत्री नळीच्या पेशींसारख्याच पेशींचे बनलेले होते. त्याला त्यांनी ‘एक्रीन पोरोमा’ असे नाव दिले. मूळची भिंत ठाऊक होती म्हणून तिची वाढलेली नक्कल ओळखता आली. ज्याला रेषच माहीत नाही, त्याला रेषेबाहेर गेलेले कसे दिसणार?

आणि सात वर्षांनी, १९६३ साली, घातक रूप समोर आले. या वेळी पिंकस यांचे सहकारी होते अमीर मेहरेगान, मूळचे इराणी. त्यांच्या रोग्यात त्याच नळीच्या जातीच्या पेशी होत्या. पण त्या सीमा ओलांडून गेल्या होत्या. बाह्यत्वचेच्या थरात त्यांनी ठिकठिकाणी घरटी केली होती. लंडनचे सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली स्तनाग्राच्या कातडीचा एक विकार सांगितला होता. त्यातही घातक पेशी निरोगी पेशींमध्ये विखरून बसतात. पिंकस आणि मेहरेगान यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच म्हटले की या रोग्यात पोरोमा आणि पॅजेटचा विकार या दोहोंची लक्षणे एकत्र आली आहेत. त्यांनी दिलेले नाव मात्र लांबलचक होते, ‘बाह्यत्वचेकडे ओढ घेणारा एक्रीन कर्करोग’ अशा अर्थाचे. आज प्रचारात असलेले सुटसुटीत नाव जपानचे मिशिमा व मोरिओका यांनी १९६९ साली रूढ केले. पैकी मिशिमा यांनी पूर्वी पिंकस यांच्यासमवेत काम केले होते. अर्बुदांची ही मालिका त्यांनी निरुपद्रवीपासून घातकापर्यंत एका ओळीत लावून दाखवली. एक जर्मनीतून परागंदा झालेला, एक इराणचा, दोन जपानचे. एवढ्या माणसांच्या हातून एका रंध्राच्या रोगाला नाव मिळाले.

नाव मिळाल्याने काय झाले? रोगी वाढले नाहीत, नोंदी वाढल्या. जगातील निरनिराळ्या रुग्णालयांतून एकेक, दोनदोन रोग्यांची वर्णने येऊ लागली, आणि २००१ साली रॉब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकूण ६९ रोग्यांचा अभ्यास एकत्र प्रसिद्ध केला. एवढ्या दुर्मीळ रोगात ६९ ही संख्या मोठी आहे. त्यांतील ज्यांची पुढील हकिगत कळली, त्यांच्यापैकी शेकडा १७ जणांत काढलेले अर्बुद पुन्हा त्याच जागी आले, शेकडा १९ जणांत ते लसीका ग्रंथींत पोहोचले, आणि शेकडा ११ जणांत ते दूरच्या अवयवांत पसरले वा रोग्याचा अंत झाला. अर्बुद सात मिलिमीटरहून खोल गेलेले असेल, रक्तवाहिन्यांत वा लसीकावाहिन्यांत शिरलेले असेल, पेशी झपाट्याने दुभंगत असतील, तर धोका अधिक, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे वेळेवर सापडलेल्या पुष्कळ रोग्यांना नुसत्या शस्त्रक्रियेने गुण येतो. आणि जांघेतल्या गाठींपर्यंत रोग गेला की चित्र पार पालटते. पसरलेल्या रोगावर औषधे दिली जातात, पण त्यांचा भरवसा थोडा.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला म्हणून अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे फ्रेडरिक मोस यांचा उल्लेख केलाच पाहिजे. अर्बुद काढताना कडेचा निरोगी भाग किती घ्यायचा, हा शस्त्रवैद्याचा जुना पेच. थोडा घेतला तर मूळ राहते, फार घेतला तर माणूस विद्रूप होतो. मोस यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जस्ताच्या क्षाराचा लेप लावून कातडी जागच्या जागी घट्ट करीत, मग एक पातळ थर काढीत, त्याचा तळ व कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासीत, आणि जेथे रोग दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा पुढचा थर काढीत. लेप पुढे मागे पडला आणि ताज्या उतीवर हे काम होऊ लागले, पण तत्त्व तेच राहिले. घर्मरंध्राच्या कर्करोगात, विशेषतः चेहऱ्यावर व बोटांवर, ही रीत उपयोगी पडते.

तरीही ओळखण्याची अडचण पुरती संपली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हा रोग पुष्कळदा कातडीच्या नेहमीच्या कर्करोगासारखाच दिसतो. नळीचे तोंड, म्हणजे पेशींच्या गर्दीत एखादे सूक्ष्म भोक, सापडले तर निदान होते. काप दुसऱ्या जागी घेतला गेला आणि भोक चुकले, तर रोग्याच्या कागदावर दुसरेच नाव लागते. म्हणून वर सांगितलेले दहा-वीस हजारांत एक हे प्रमाण नोंदलेल्यांचे समजावे. तळपायाची गाठ कापून ती बाटलीत घालून प्रयोगशाळेत न पाठवता जेथे फेकून दिली जाते, तेथे तर नोंदीचा प्रश्नच नाही. आपल्या खेड्यांत, अनवाणी पायांच्या शेतकऱ्यांत, अशा फेकलेल्या गाठी थोड्या नसतील. कुरूप म्हणून वारंवार कापलेली गाठ पुन्हा उगवत असेल, रक्ताळत असेल, तर तिचा तुकडा तपासून घ्यावा, एवढे सांगण्याचा अधिकार शाळामास्तरालाही आहे.

आता त्या ‘एक्रीन’ शब्दाचा घोटाळा. पिंकस यांनी एक्रीन नळीचा अभ्यास केला, म्हणून त्यांनी नावात तो शब्द घातला, आणि पुढील पिढ्यांनी तो तसाच चालवला. पण पोरोमा काखेसारख्या, केसांशी जोडलेल्या जागीही आढळू लागले. काहींच्या कापांत अपोक्रीन ग्रंथींच्या खुणा दिसल्या. दोन्ही वर्गांच्या नळ्यांपासून हा रोग होऊ शकतो, असे मत बळावत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली त्वचेच्या अर्बुदांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात रोगाचे नाव नुसते ‘पोरोकार्सिनोमा’ असे आहे. पुढचा शब्द गळला आहे. एका निरीक्षकाची अर्धी गोष्ट पन्नास वर्षांनी सुधारली गेली, यात त्यांचा कमीपणा मी मानीत नाही. त्यांनी भिंत पाहिली होती ती खरीच होती.

शेवटची नोंद जपानचीच आहे. २०१९ साली सेकिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अर्बुदांच्या पेशींतील जनुके तपासली. एरवी एकमेकांपासून दूर असलेली दोन जनुके तुटून परस्परांना जोडली गेली आहेत, असे त्यांना आढळले. एक जनुक ‘याप-१’, आणि त्याचा जोडीदार कधी ‘नटएम-१’, तर कधी ‘एमएएमएल-२’. तपासलेल्या १०४ पोरोमांपैकी ९२ मध्ये आणि ११ घातक अर्बुदांपैकी ७ मध्ये अशी गाठ मारलेली सापडली. निरुपद्रवी आणि घातक ही एकाच कुळातली आहेत, असे पिंकस आणि मिशिमा यांना केवळ पेशींच्या रूपावरून वाटले होते. त्याला येथे दुसरा पुरावा मिळाला. ‘नट’ हे प्रथिन जेथे असेल तेथे रंग धरील असा रंजनविधी त्यामुळे विकृतिशास्त्रज्ञांच्या हाती आला. रुग्णालयांच्या तळघरांत जुन्या गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून वर्षानुवर्षे ठेवलेले असतात. त्यांतला एखादा ठोकळा काढून, नवा काप घेऊन, त्याला हा रंग देता येतो. आणि ज्या गाठीवर पूर्वी दुसऱ्याच नावाची चिठ्ठी होती, तिच्या पेशींची केंद्रके तपकिरी होताना दिसतात.